गिरगावातल्या जुन्या घरात कारागिरांची दुकाने: आधी घराला काय झेपते ते पाहा

प्रश्न थोडक्यात असा. गिरगावातल्या एका गल्लीत पणजोबांनी बांधलेले तळमजला अधिक एक मजल्याचे घर आहे. दगडी जोते, विटांच्या भिंती, सागवानी तुळया आणि फळ्यांची जमीन, वर मंगलोरी कौले. वारसा यादीत ते श्रेणी ३ मध्ये आहे. मागच्या खोलीत आत्या राहतात, तळमजल्याच्या एका गाळ्यात जुन्या भाडेकरूंचे शिवणकामाचे दुकान आहे, बाकीचे घर चार वर्षे बंद. बहीणभावाला तिथे मुंबई आणि महाराष्ट्रातल्या कारागिरांचा माल विकायचा आहे. एका अंतर्गत सजावटकाराने आराखडा दिला आहे: भिंतींचा गिलावा सोलून विटा उघड्या ठेवायच्या, माडीवर काचेची खोली आणि एसी, आणि उद्घाटनाला माडीवरच कार्यक्रम. हे बरोबर आहे का, आणि सुरुवात कुठून करायची?

तो आराखडा सध्या बाजूला ठेवा. त्याचा हेतू वाईट नाही, पण त्याने दुकान आधी ठरवले आणि मग ते घरात बसवले. जुन्या घरात हे उलट करावे लागते. कुठल्या खोलीला किती वजन झेपते, कुठली भिंत ओल धरते, कुठून वारा येतो, हे कळले की कुठला कारागीर कुठे बसेल हे निम्मे आपोआप ठरते. बावीस वर्षे हेच काम करतो आहे, आणि ज्या ज्या ठिकाणी हा क्रम चुकला तिथे पाचेक वर्षांत पुन्हा पैसे घालावे लागले. त्यातल्या एका जागेची चूक माझी होती, तिच्याबद्दल पुढे सांगतो.

सुरुवात छपरापासून करा. आता मार्च आहे. पावसाला अडीच-तीन महिने आहेत. तेवढ्यात कौले उतरवून तपासणे, फुटकी बदलणे, खालच्या रिपा आणि वासे बघणे, पन्हळी आणि पावसाच्या पाण्याचे नळ मोकळे करणे एवढेच काम उरका. दुसरे काही करू नका. मग एक पूर्ण पावसाळा घर नुसते बघा. मुंबईत वर्षाला २,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. तुमचे घर चौपाटीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, त्यामुळे पश्चिमेच्या भिंतीवर पाऊस आडवा येतो, वाऱ्याबरोबर मीठही येते. जुलैत दर रविवारी घराच्या नकाशाची एक प्रत घ्या आणि जिथे डाग दिसेल तिथे पेन्सिलीने तारखेसह खूण करा. ऑगस्टअखेर तुमच्याकडे जो कागद तयार होईल तो कुठल्याही सल्लागाराच्या अहवालापेक्षा मोलाचा असेल. आत्यांना विचारून बघा, मागच्या खोलीत पाणी कुठून येते हे त्या चाळीस वर्षांपासून बघत असतील. जुन्या घरात राहणाऱ्या बायकांना बादली कुठे ठेवायची हे पाठ असते, आणि ती बादलीची जागा म्हणजेच आपला पहिला पुरावा.

या चार महिन्यांत कागद हलवा. बृहन्मुंबईसाठी वारसा नियम १९९५ मध्ये आले. अशी नियमावली करणारे मुंबई हे देशातले पहिले शहर. आता तोच विषय विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ च्या विनियम ५२ मध्ये आहे. श्रेणी १ मध्ये इमारतीचे आयुष्य वाढवण्यापुरतेच हात लावता येतो. २अ मध्ये आतले बदल आणि नवा वापर काटेकोर तपासणीनंतर. २ब मध्ये त्याच भूखंडावर जोडबांधकामाचा विचार होऊ शकतो. श्रेणी ३ सर्वांत सैल. आतले-बाहेरचे बदल आणि वापर बदलणे साधारणपणे मान्य होते, पण घराची ओळख पुसली जाता कामा नये. लोकांना फारशी ठाऊक नसलेली एक तरतूद याच विनियमात आहे: मालकाने वारसा इमारत आहे तशी राखायची, वेळच्या वेळी दुरुस्त करायची हमी दिली, तर तिचा निवासी भाग पूर्ण किंवा अंशतः व्यापारी वापरासाठी मागता येतो. मात्र निगा राखली नाही किंवा वारसामूल्य बिघडवले तर ही परवानगी काढून घेतली जाते. तुमच्या अर्जाचा कणा हाच ठेवा. दुकानाची चित्रे मागे जोडा, दुरुस्तीचा आराखडा पुढे. गल्ली किती रुंद आहे यावरही कुठला वापर चालेल हे ठरते, म्हणून रस्त्याचे मोजमाप पहिल्याच नकाशावर टाका.

मालमत्ता पत्रकावर अजून पणजोबांचे नाव असेल तर वारसनोंद आधी. सगळ्या काका-आत्यांच्या मुलांच्या सह्या लागतील आणि हे काम गवंडीकामापेक्षा जास्त वेळ खाते. घर उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींपैकी, आहे की नाही हेही तपासा, असेल तर म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाचा संबंध येतो. शिवणकामाच्या दुकानातल्या भाडेकरूंना बाहेर काढायचा विचार मनात असेल तर तो सोडा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ त्यांच्या पाठीशी आहे, ते बरोबरच आहे, आणि शिवाय कापड विकणाऱ्या दुकानाला घरातच शिंपी मिळणे ही केवढी सोय! खण घेणाऱ्या बाईला तिथेच झबले किंवा पर्स शिवून मिळाली तर ती पुन्हा येईल. त्यांच्याशी पहिल्या दिवसापासून बोला.

आता वजन. या मुद्द्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमच्या आराखड्यातली सर्वांत धोक्याची गोष्ट इथे आहे.

भारतीय मानकांत राहत्या खोलीसाठी जमिनीवरचा भार दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो धरतात. किरकोळ दुकानासाठी ४०० किलो. म्हणजे ‘घराचे दुकान करणे’ या तीन शब्दांत आपण जमिनीकडून दुप्पट काम मागतो. तुमचे घर अर्थातच कुठल्याही मानकाने बांधलेले नाही, मिस्त्रीच्या अनुभवाने बांधलेले आहे. कधी त्या तुळया हिशेबापेक्षा दणकट निघतात, कधी टोकांशी भुसा झालेल्या निघतात. १० बाय १२ फुटांची खोली म्हणजे साधारण ११ चौरस मीटर. राहत्या खोलीच्या हिशेबाने तिच्यावर सगळा मिळून २,२०० किलो भार सारखा पसरलेला चालेल. आता उद्घाटनाच्या संध्याकाळी त्या खोलीत चाळीस माणसे उभी राहिली, एकेकाचे वजन ६५ किलो धरले, की झाले २,६०० किलो. त्यात ती माणसे हलतात, एका बाजूला दाटतात, टाळ्या वाजवतात. एवढी शेल्फे मांडायची झाली तर कुणीही विचार करेल, पण माणसांच्या वजनाचा विचार कुणाला सुचत नाही. म्हणून उद्घाटन माडीवर नको. खाली करा, ओटीवर करा, गल्लीत मांडव घाला.

तुळईचे मधले अंग क्वचित दगा देते. दगा देते ते भिंतीत गेलेले टोक. बाहेरून पाऊस, आतून सिमेंटचा गिलावा, मधे लाकूड: ते वर्षानुवर्षे ओले राहते, मग बुरशी आणि पाठोपाठ वाळवी. रंगाखाली काही दिसत नाही. मी आधी हातोडीच्या दांड्याने ठोकून ऐकतो. निरोगी साग खणखणीत वाजतो, कुजलेला मऊ आणि बद्द. मग बारीक गिरमिटाने भिंतीलगत भोक पाडून भुसा बघतो. कोरडा, सोनेरी, तेलकट वासाचा भुसा आला की जीव भांड्यात पडतो. काळपट पीठ आले तर ती तुळई टेकू देऊन उघडावी लागते. संपूर्ण तुळई बदलायची गरज सहसा नसते. कुजलेले दोन-अडीच फूट कापून नव्या किंवा जुन्या सागाचे टोक सांधता येते, किंवा दोन्ही अंगांना पोलादी पट्ट्या लावून आरपार बोल्ट मारता येतात. पाडलेल्या इमारतींतला जुना साग वखारीत मिळतो, पुरता वाळलेला असतो, तोच शोधा. नवा घाईने घेतला तर तो घरात आल्यावर पीळ घेतो. पट्ट्या झाकू नका. पुढच्या माणसाला दिसले पाहिजे की इथे कुणीतरी काय केले.

मागच्या मोरी-संडासाच्या भागात बहुधा लादीकोबा असेल, म्हणजे लोखंडी गर्डरांवर दगडी लादी आणि तिच्यावर कुटलेल्या चुन्याचा कोबा. मुंबईच्या जुन्या घरांत सर्वांत जास्त धोका याच तुकड्यात असतो, कारण गर्डर खालून गंजतो, फुगतो आणि लादी उचलतो. खालच्या छताला गर्डरच्या रेषेत तडा दिसला की समजा. स्ट्रक्चरल इंजिनिअर घेताना एकच विचारा: लाकडी जमिनीचे काम किती केले आहे? आरसीसीत आयुष्य गेलेला माणूस तुम्हाला स्लॅब टाकायला सांगेल. स्लॅबचे वजन त्या विटांच्या भिंतींनी आणि जोत्याने कधी पाहिलेले नाही.

वजनाचा नकाशा हातात आला की दुकान मांडायला लागा. धारावीच्या कुंभारवाड्याचे माठ, पणत्या, कुंड्या, तांब्यापितळेची भांडी, दगडी पाटे, शाडूच्या मूर्ती हे सगळे तळमजल्यावर, जोत्याच्या जमिनीवर. माडीवर हलके: पैठणी, खण, हातमागाची साडी, वारली चित्रे, हातकागदाच्या वह्या, दागिने, सावंतवाडीची लाकडी खेळणी. शेल्फे भिंतीलगत म्हणजे तुळयांच्या टेकूजवळ येतील अशी ठेवा, खोलीच्या मध्यावर मोकळे राहू द्या. गोधड्या हलक्या वाटतात, पण पन्नास घड्या करून रचल्या की पुस्तकांच्या कपाटाशी बरोबरी करतात. माडीवर एका वेळी किती माणसे, तो आकडा इंजिनिअरकडून लिहून घ्या आणि जिन्याच्या तोंडाशी लावा. तो जिना एकच आहे आणि लाकडी आहे, म्हणून आगीच्या दृष्टीनेही तो आकडा हवा.

भिंतींकडे वळतो. विटा उघड्या ठेवायची फॅशन मला समजते, कॅफेच्या फोटोत त्या छान दिसतात. पण मुंबईत जुन्या घरांच्या विटा उघड्या राहायला भाजलेल्याच नव्हत्या. त्यांच्या अंगावर चुन्याचा गिलावा असणार हे धरून त्या मऊ, सच्छिद्र ठेवलेल्या होत्या. गिलावा सोललात की समुद्राची हवा थेट विटेत जाते, मीठ आत मुरते, कोरड्या दिवसांत स्फटिक होऊन बाहेर येते आणि येताना विटेचा पापुद्रा घेऊन येते. भिंतीला लोणा लागतो म्हणतो तो हाच. वर्षभरात शेल्फांवरच्या कापडांवर लाल पूड पडायला लागेल. मग कुणीतरी विटांवर पारदर्शक वॉर्निश मारायला सुचवेल, आणि त्याने ओल आत कोंडून लोणा आणखी वाढेल.

काढायचे असेल तर सिमेंट काढा. चाळीस-पन्नास वर्षांत कुणीतरी खालच्या तीन-चार फुटांवर सिमेंटचा गिलावा मारलेला असतो, ‘ओल येते म्हणून’. ओल त्याने थांबत नाही, वर चढते आणि सिमेंटच्या पट्ट्याच्या वरच्या कडेला बाहेर पडते. तो पट्टा छिन्नीने हळूहळू काढा, यंत्राने नको. भिंतीला कोरडी व्हायला वेळ द्या. मग चुना: नीट विझवून काही आठवडे पाण्याखाली मुरवलेला, वाळू आणि सुर्खी घातलेला. सुर्खी म्हणजे भाजलेल्या विटेची पूड, तिच्यामुळे चुना ओलीतही धरतो. जुने गवंडी त्यात गुळाचे पाणी, हिरड्याचे पाणी घालत. योग्य प्रमाण माहीत असलेला गवंडी असेल तरच ते करा, अंदाजे गूळ ओतलात तर मुंग्यांची सोय होईल. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगड होतो, त्याला घाई चालत नाही. एक थर, मग धीर, मग दुसरा थर. म्हणून हे काम ऑक्टोबर ते मार्च. वर चुन्याचाच हात द्या. प्लास्टिक इमल्शन लावलेत तर इतका खटाटोप फुकट, कारण भिंतीला श्वास घेता येणार नाही.

पावसाळ्यात मालाचे काय, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण पहिल्याच जुलैत तुमच्यासमोर उभा राहील. कोल्हापुरी चपला चार दिवसांत पांढऱ्या बुरशीने भरतात. हातकागद पन्हाळीसारखा वळतो. पितळ काळवंडते. गोधडीला कोंदट वास धरतो. सगळे घर एसीने थंड करणे हा त्याचा उपाय नाही. एसीने थंड झालेल्या भिंतीवर बाहेरची दमट हवा आली की पाणी सुटते, आणि दार तर दुकानात दर दोन मिनिटांनी उघडणार. आडवा वारा खेळू द्या, छताचे पंखे लावा, झडपांच्या खिडक्या दुरुस्त करून वापरात आणा, त्या बनवणाऱ्यांना मुंबईची हवा आपल्यापेक्षा चांगली कळत होती. शेल्फे भिंतीपासून तीन बोटे दूर, स्वतःच्या पायांवर उभी करा. भिंतीत एकही खिळा नको. आतल्या बाजूची, बाहेरची भिंत नसलेली एक लहान खोली नीट बंद करून तिथे हवा कोरडी करणारे यंत्र ठेवा. रात्री चपला, कागद आणि रेशीम तिथे जाईल.

माझी चूक सांगतो. साधारण पंधरा वर्षांपूर्वी फोर्टातल्या एका जुन्या इमारतीत कपड्यांचे दुकान केले. मालकाला एसी हवा होता, मी एक लहान एसी मान्य केला आणि त्याच्या पाण्याची नळी कुठून काढायची हे ठेकेदारावर सोडले. त्याने ती जवळच्या वाटेने, तुळईच्या टोकाशेजारून भिंतीत भोक पाडून काढली. नळीचा जोड सुटला होता. थेंब थेंब पाणी दोन वर्षे त्या टोकाला पडत राहिले आणि वरच्या सुंदर खोट्या छतामुळे कुणाला दिसले नाही. फळी पायाखाली दबली तेव्हा कळले. कुणाला इजा झाली नाही, पण ते टोक मी हाताने उकरून काढले आहे, ओल्या केकसारखे. त्या दिवसापासून दोन गोष्टी मी सोडलेल्या नाहीत. एक, खोटे छत कुठेही घालू देत नाही, तुळया उघड्याच राहतात. दोन, पाण्याची प्रत्येक नळी नकाशावर मीच काढतो आणि ती दिसेल अशीच बाहेरून नेतो.

विजेचेही तसेच. जुन्या लाकडी पट्टीतली वायरिंग सगळी काढून टाका, एक तारही ‘चालतेय’ म्हणून ठेवू नका. नवी वायरिंग धातूच्या पाइपमधून, भिंतीवरून, दिसेल अशी. चुन्याच्या भिंतीत चर खोदायची नाही. दुकानाचे दिवे, यंत्रे, पंखे यांचा भार मोजून बेस्टकडे वाढीव भार मागा. रात्री दुकान बंद करताना एका खटक्यात माडीची सगळी वीज तुटली पाहिजे. गॅसची शेगडी घरात नको, चहा बाहेरून येऊ दे. आगीच्या बाबतीत महाराष्ट्राचा २००६ चा कायदा लागू होतो. त्याखाली बसवलेली साधने चालू असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावे लागते. त्या खर्चाची तरतूद आताच हिशेबात धरा. आत्या मागे राहतात, म्हणून त्यांच्या खोलीतून बाहेर जाणारी वाट दुकानातून न जाता स्वतंत्र असली पाहिजे. हे मला नियमापेक्षाही महत्त्वाचे वाटते.

दर्शनी भागाबद्दल एक जुना धडा आहे. दादाभाई नौरोजी रस्त्यावर पूर्वी दुकानांच्या पाट्यांनी कमानी पार झाकून टाकल्या होत्या. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्या रस्त्यासाठी पाट्यांची एक मार्गदर्शिका तयार झाली. पाटी कमानीच्या आत बसवायची, दगड झाकायचा नाही, असा साधा विचार. दुकानदारांनी स्वतः पाट्या उतरवल्या आणि त्या कामाला २००४ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत मान मिळाला. त्याच रस्त्यावर एकेकाळी व्हाइटअवे लेडलॉचे आलिशान विलायती दुकान होते, आणि पुढे त्याच इमारतीत खादी भांडार आले. परदेशी मालाच्या जागेत हातमाग बसला! तुमच्यासारखे काम करणाऱ्या प्रत्येकाला मी एकदा तिथे उभे राहून वर, कमानींकडे बघायला सांगतो.

तुमच्या घराला कमानी नाहीत, पण ओटीवर फळ्यांचे दार आहे असे फोटोत दिसते. गिरगावातली जुनी दुकाने अशाच सुट्या, क्रमांक घातलेल्या फळ्या सकाळी काढून रात्री लावत. ते दार काढून लोखंडी शटर बसवू नका. फळ्या दुरुस्त करा आणि आतून एक चांगले कुलूपबंद जाळीदार दार लावा. पाटी मराठीत, देवनागरीत असणे कायद्यानेच सक्तीचे आहे, २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही, आणि मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान चालत नाही. मग ती रंगाऱ्याकडून हाताने लिहून घ्या, लाकडावर. तिचे खिळे दगडात नकोत, सांध्यातल्या चुन्यात जाऊ देत. उद्या पाटी उतरवली तर दगडाला जखम राहणार नाही.

कारागिरांशी व्यवहार कसा ठेवायचा, यावर तुम्ही एकच ओळ लिहिली आहे: ‘प्रत्येकाला एक गाळा भाड्याने.’ मला ते पटत नाही. गिरगावात भाडे भरून महिनाभर गाळ्यात बसणे कुंभारवाड्यातल्या किंवा सावंतवाडीतल्या कारागिराला परवडत नाही, आणि तो दुकानात बसला तर माल कोण घडवणार? भाडे लावलेत की दोन वर्षांत कारागीर जातात आणि त्यांच्या जागी कारागिरांचा माल घाऊक आणणारे व्यापारी येतात. मी हे तीन ठिकाणी होताना पाहिले आहे. त्याऐवजी दुकान तुमचे एकच ठेवा, बिल एकच, आणि विक्रीतला ठरलेला हिस्सा घ्या. लहान वस्तू शक्य तितक्या रोखीने विकत घ्या, कारण ज्याचे भांडवल पाच-दहा हजारांचे आहे त्याचा माल तुमच्या शेल्फावर सहा महिने अडकला तर त्याचे घर अडते. लघुउद्योगांच्या २००६ च्या कायद्याने नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. तुम्ही ते पंधरा दिवसांवर आणा. ओटीशेजारची एक खोली मात्र पाळीपाळीने कारागिराला बसून काम करायला द्या, पंधरवड्याने एकेकाला, बिनभाड्याने. तिथे खेळणे रंगवताना किंवा चप्पल शिवताना बघून जो ग्राहक माल घेतो, तो किमतीची घासाघीस करत नाही. एखाद्याला खरोखरच स्वतंत्र जागा द्यायची झाली तर लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी करून नोंदवा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात नोंदणी बंधनकारक आहे, आणि नोंद न करण्याचा त्रास मालकालाच होतो.

विक्रीचा हंगाम श्रावणापासून दिवाळीपर्यंत धरा. गिरगावात गणपतीचे दिवस काय असतात ते तुम्हाला सांगायला नको, १८९३ पासून केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणपती बसतो. पण अनंत चतुर्दशीला आणि आदल्या दिवशी गल्लीत हातगाडीही शिरणार नाही, म्हणून दिवाळीचा जड माल त्याच्या आधी किंवा नंतर उतरवा. मेट्रो ३ चे गिरगाव स्थानक सुरू झाल्यापासून अंधेरी-वांद्र्याचा ग्राहक सुट्टीच्या दिवशी सहज येऊ शकतो. गाडी लावायला जागा नाही ही अडचण त्यामुळे बरीच हलकी झाली.

पैशांबद्दल. मी असा क्रम लावतो: छप्पर आणि पाणी, मग तुळया, मग वीज, मग चुना, आणि उरले तर दुकानाची मांडणी. एकूण रकमेचा पाचवा हिस्सा बाजूला काढून ठेवा, भिंत उघडल्यावर काय निघेल हे आधी कळत नाही. मांडणीसाठी पैसे उरले नाहीत तर पहिले वर्ष फळ्या आणि लाकडी पेट्यांवर चालवा, चांगल्या मालाला ते शोभते. तळमजला आधी उघडा. माडी एक वर्षाने, तुळयांचे काम पुरे झाल्यावर.

येत्या रविवारी दोघे भावंडे घरी जा. माडीवर मोरीच्या बाजूची, भिंतीलगतची एक फळी सुताराकडून अलगद उचला, नवी नको, आहे तीच परत बसवायची आहे. खाली तुळई भिंतीत शिरते तिथे बॅटरी धरून बघा, पेचकसाचे टोक हलक्या हाताने दाबा आणि ते किती आत गेले ते मोजा. अर्ध्या इंचापेक्षा जास्त गेले तर त्या खोलीत कुणालाही जाऊ देऊ नका आणि खालून टेकू देईपर्यंत आत्यांना पुढच्या खोलीत झोपायला सांगा.